कमी धोक्याची तंबाखू : चारशे वर्षांची एक आशा

बेळगावहून विजापूर काही फार दूर नाही. गोलघुमट पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीतून एकदा तरी जाऊन आलेले असतात. पण याच विजापुरातून तंबाखू मोगल दरबारात पोहोचली, ही गोष्ट सहलीत कोणी सांगत नाही.

इ. स. १६०४ च्या सुमाराची ही हकिकत आहे. अकबर बादशहाने असद बेग नावाच्या आपल्या एका अधिकाऱ्याला विजापूरला पाठवले होते. शहाजादा दानियाल आणि इब्राहिम आदिलशहाची कन्या यांच्या विवाहासंबंधीचे ते काम होते. विजापुरात असद बेगने तंबाखू पाहिली. हिंदुस्थानात इतरत्र त्याने ती कधी पाहिली नव्हती. अमेरिकेतले हे रोप पोर्तुगिजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आले आणि तिथून दख्खनमध्ये पसरले होते. असद बेगने थोडी तंबाखू आणि रत्ने जडवलेली एक सुंदर चिलीम बरोबर घेतली आणि आग्र्याला परतल्यावर बादशहाला नजर केली. हा सारा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे.

अकबराने कुतूहलापोटी दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकीम मात्र अस्वस्थ झाला. ज्या वस्तूची आपल्या जाणत्यांनी परीक्षा केलेली नाही, ती केवळ फिरंगी वापरतात म्हणून आपण का घ्यावी, असा त्याचा आक्षेप होता. असद बेगचे उत्तरही तयार होते. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती, असे तो म्हणाला. बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी मात्र असद बेगकडे तंबाखू मागायला सुरुवात केली. मग व्यापारी ती विकू लागले आणि बघता बघता तिचा प्रसार झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. ती बंदी किती पाळली गेली, हे आपल्या गावातली पानपट्टीची दुकाने मोजली की कळते.

हकिमाचा प्रश्न आणि असद बेगचे उत्तर हा वाद पुढची चारशे वर्षे चालूच राहिला. आज ‘तापवलेली तंबाखू’ म्हणजे हीटेड टोबॅको या नावाने जी नवी वस्तू जगभर विकली जाते, तिच्यावरही नेमका हाच वाद चालू आहे. सिगारेट सुटत नसेल तर ही घ्या, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. हे खरे किती, हे समजून घ्यायचे तर आधी जुन्या वचनांचा इतिहास पाहायला हवा.

पाण्यातून गाळलेला धूर

पहिले वचन हुक्क्याचे. धूर पाण्यातून आला की त्यातली घाण निघून जाते, ही ती कल्पना. अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी याने हुक्का शोधून काढला, असे परंपरा सांगते. तारखा मात्र या परंपरेशी जुळत नाहीत. हा हकीम १५८९ मध्येच वारला, म्हणजे असद बेगची चिलीम दरबारात येण्यापूर्वी पंधरा वर्षे. शोध कोणाचाही असो, कल्पना लोकांना पटली. दिवाणखान्यातला हुक्का हा सभ्यपणाचा, आणि चिलीम-विडीपेक्षा सौम्य, असा समज घराघरांत रुजला.

पाण्यामुळे धूर थंड होतो आणि घशाला कमी बोचतो, इतके खरे. पण कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्यात अडकत नाही, निकोटिनही बरेचसे पार होते. शिवाय बोचत नाही म्हणून माणूस अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. घशाला बरे वाटणे आणि फुप्फुसाला बरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या सगळ्या कहाणीत हाच घोटाळा पुन्हा पुन्हा होताना दिसतो.

फिल्टर आणि ‘लाइट’

ही आशा पुन्हा मोठ्या प्रमाणावर जागी झाली ती विसाव्या शतकाच्या मध्याला, अमेरिकेत. यंत्रावर बनणारी सिगारेट तोवर कोट्यवधी लोकांच्या खिशात गेली होती. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. ओढणारे घाबरले. अनेकांना सोडावेसे वाटू लागले.

याच वेळी कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. १९५० मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर सिगारेटींत फिल्टरची एकही धड नसे. १९६० पर्यंत निम्म्या सिगारेटी फिल्टरच्या झाल्या होत्या. यातली एक कहाणी तर विश्वास बसू नये अशी आहे. १९५२ मध्ये लॉरिलार्ड कंपनीने ‘केंट’ नावाची सिगारेट बाजारात आणली. तिच्या फिल्टरची जाहिरात आरोग्याच्या नावाने जोरात झाली. त्या फिल्टरमध्ये निळा अ‍ॅस्बेस्टॉस होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू स्वतःच कर्करोग करतात. सुमारे चार वर्षे, १९५६ पर्यंत, लोक आरोग्य जपण्यासाठी तो फिल्टर ओठांत धरत होते.

४ जानेवारी १९५४ रोजी तंबाखू कंपन्यांनी एकत्र येऊन अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिले. लोकांचे आरोग्य ही आपली मूलभूत जबाबदारी आहे आणि आपण संशोधनाला मदत करू, असा त्याचा आशय होता. ते वाचून किती जणांनी सोडण्याचा विचार पुढे ढकलला असेल, याची मोजदाद कोणाकडे नाही.

मग आली ‘लाइट’ सिगारेट. १९६७ पासून अमेरिकेत सरकारी पद्धतीने यंत्राकडून सिगारेट ओढवून तिच्यातले टार आणि निकोटिन मोजले जाऊ लागले. यंत्र मिनिटाला एक झुरका घेई, प्रत्येक झुरका ३५ मिलिलिटरचा आणि दोन सेकंदांचा. कंपन्यांनी फिल्टरच्या भोवती बारीक छिद्रे पाडली. यंत्राच्या झुरक्यात बाहेरची हवा मिसळे आणि आकडा कमी येई. माणूस मात्र यंत्र नाही. त्याची बोटे आणि ओठ ती छिद्रे झाकत. शरीराला लागणारे निकोटिन मिळाले नाही की तो जास्त खोल ओढे, किंवा दिवसाकाठी दोन सिगारेटी जास्त ओढे. आकडा कमी झाला, धूर तेवढाच राहिला.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या विषयावर सविस्तर ग्रंथच प्रसिद्ध केला. टार कमी दाखवणाऱ्या सिगारेटींमुळे लोकांच्या आरोग्याला फायदा झाल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांविरुद्धच्या मोठ्या खटल्यात निकाल देताना ‘लाइट’ आणि ‘लो टार’ हे शब्द वापरायला मनाई केली. कंपन्यांना खरी वस्तुस्थिती ठाऊक होती आणि तरीही त्यांनी ग्राहकांना फसवले, हे त्या निकालाचे सार होते. २०१० पासून अमेरिकेत हे शब्द पाकिटावरून कायद्यानेच गेले.

या तीस-चाळीस वर्षांचा सर्वांत मोठा तोटा कोणता, हे लक्षात घ्यायला हवे. ‘लाइट’ने धोका कमी झाला नाही, हा एक तोटा झालाच. पण जो माणूस सोडण्याच्या उंबरठ्यावर उभा होता त्याला तिथेच थांबायला एक सोयीस्कर कारण मिळाले. सोडण्याऐवजी तो बदलून मोकळा झाला.

न जळणारी सिगारेट

तंबाखू जाळण्याऐवजी नुसती तापवायची, ही कल्पना आजची नाही. सिगारेटचे जळते टोक साधारण ६०० अंश सेल्सिअस तापलेले असते, आणि झुरका घेताना ते ९०० अंशांपर्यंत जाते. धुरातली बहुतेक घातक रसायने या जळण्यातून तयार होतात. म्हणून जळणेच टाळले तर विष कमी होईल, हा तर्क शास्त्राला धरून आहे.

या तर्कावर आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ‘प्रीमियर’ तयार केली आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस, फिनिक्स आणि टुसॉन या शहरांत विकून पाहिली. तिच्या टोकाला कोळशाचा तुकडा होता आणि आत अ‍ॅल्युमिनियमची नळी. कोळशाच्या उष्णतेने नळीतले निकोटिन आणि ग्लिसरीन वाफ होऊन येई. पण ती पेटवणे कठीण, वास घाणेरडा आणि चव त्याहून वाईट. डॉक्टरांच्या संघटनेने तर ही सिगारेट नसून औषध देणारे यंत्र आहे, तेव्हा सरकारने तिला औषधाचे नियम लावावेत, अशी मागणी केली. काही महिन्यांतच, १९८९ च्या सुरुवातीला, कंपनीने ती मागे घेतली.

१९९६ मध्ये त्याच कंपनीने ‘एक्लिप्स’ आणली. १९९८ मध्ये फिलिप मॉरिसने विजेवर चालणारी ‘अकॉर्ड’ आणली. दोन्ही फारशा चालल्या नाहीत. ‘एक्लिप्स’च्या कमी धोक्याच्या दाव्यांवरून व्हरमाँट राज्याने २००५ मध्ये खटला भरला आणि २०१० मध्ये न्यायालयाने ते दावे दिशाभूल करणारे ठरवले.

मग २०१४ उजाडले. त्या वर्षाच्या अखेरीस फिलिप मॉरिसने ‘आयकॉस’ हे उपकरण जपानमधल्या नागोया आणि इटलीतल्या मिलान शहरात आणले. पेनाएवढ्या दांडीत तंबाखूची छोटी कांडी खुपसायची. आतले पाते विजेने साधारण ३५० अंशांपर्यंत तापते. राख नाही, ज्वाला नाही, वासही कमी. या वेळी कल्पना चालली.

जपानमध्ये काय घडले

जपानच का, याला कारण आहे. तिथे निकोटिन असलेल्या ई-सिगारेटला औषधांचा कायदा लागतो, त्यामुळे ती दुकानात मिळत नाही. तापवलेल्या तंबाखूला मात्र तंबाखूचाच कायदा लागला आणि तिची वाट मोकळी राहिली. २०१६ मध्ये आयकॉस देशभर मिळू लागले. त्याच वर्षी जपान टोबॅकोने फुकुओकात ‘प्लूम टेक’ आणि ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने सेंदाईत ‘ग्लो’ आणले. एका लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमात कलाकारांनी आयकॉसची चर्चा केली आणि ते घराघरांत माहीत झाले. जपानी संशोधकांच्या पाहणीत आयकॉस वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५ च्या आरंभी ०.३ टक्के होते, ते दोन वर्षांत ३.६ टक्के झाले.

सिगारेटच्या विक्रीचे आकडे तर थक्क करणारे आहेत. २०१५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ हजार कोटी सिगारेटी विकल्या गेल्या. २०२० मध्ये हा आकडा १० हजार कोटींच्या खाली आला. सिगारेटचा खप तिथे आधीपासून कमी होत होता, पण आयकॉस आल्यावर उतार अधिक तीव्र झाला. स्वतंत्र अभ्यासकांनीही हे मान्य केले आहे. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट फार थोड्या देशांनी पाहिली असेल.

मग जपानी लोकांचे तंबाखूचे व्यसन सुटले का? इथे थांबून विचार करायला हवा. घटलेल्या सिगारेटींची जागा मोठ्या प्रमाणावर तापवलेल्या कांड्यांनी घेतली. आज तिथल्या तंबाखूच्या बाजारात दहातला चारांच्या आसपास वाटा या कांड्यांचा आहे. शिवाय २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसले, की तापवलेली तंबाखू वापरणाऱ्या जपानी लोकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जण सिगारेटही ओढत होते. सिगारेट सोडलेले साधारण एक-चतुर्थांश होते. घरात आणि कार्यालयात कांडी, मित्रांबरोबर बाहेर सिगारेट, असा दुहेरी संसार.

हा दुहेरी संसार का घातक, हे समजायला एक निष्कर्ष पुरेसा आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेले निष्कर्ष आले. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो. वीसवरून पाचवर आलो म्हणजे धोका चौथाई झाला, हा हिशेब हृदयाला मान्य नाही.

जपानच्या कहाणीत आणखी एक धागा आहे. जपान टोबॅको कंपनीत तिथल्या सरकारचा एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा कायद्यानेच राखलेला आहे. २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार उपाहारगृहात सिगारेट ओढण्याच्या खोलीत खाणेपिणे चालत नाही, पण तापवलेल्या तंबाखूच्या खोलीत चालते. सरकार स्वतः मालकही असेल आणि पंचही, तर नियम असे निघतात.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

या विषयावर आपल्या घरात वाद झाला तर तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. लोक ते एकत्र करतात आणि म्हणून वाद मिटत नाही.

पहिला प्रश्न : यातून शरीरात जाणारी घातक रसायने कमी होतात का? होतात. सिगारेट पूर्ण सोडून फक्त तापवलेली तंबाखू वापरली तर अनेक विषारी द्रव्ये, विशेषतः कार्बन मोनॉक्साइड, पुष्कळ कमी जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये आयकॉसला एवढेच सांगायची परवानगी दिली.

दुसरा प्रश्न : मग रोग कमी होतात का? त्याच प्रशासनाने त्याच निर्णयात हा दावा करायला परवानगी दिली नाही, कारण तसा पुरावा समोर आला नव्हता. कर्करोग आणि श्वसनाचे जुने विकार दिसायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि ही उपकरणे बाजारात येऊन तेवढा काळ लोटलेला नाही. विष कमी जाणे आणि रोग कमी होणे यांत अंतर आहे. ‘लाइट’ सिगारेटच्या वेळी यंत्रावरचा आकडा कमी झाला होता. इथे निदान शरीरातला आकडा कमी होतो, हा फरक मान्य करायलाच हवा. पण पुढची पायरी अजून गाठायची आहे.

तिसरा प्रश्न, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : याने सिगारेट सुटते का? कोक्रेन ही संस्था जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पारखते. तिने जानेवारी २०२२ मध्ये तापवलेल्या तंबाखूवरचा आढावा प्रसिद्ध केला. निकषांत बसणारे १३ अभ्यास सापडले. त्यांतल्या ११ चाचण्या होत्या, सहभागी माणसे २,६६६. या सगळ्या चाचण्यांना पैसा तंबाखू कंपन्यांनी पुरवला होता. निम्म्या चाचण्यांत लोकांवर जेमतेम १३ आठवडे किंवा त्याहून कमी काळ लक्ष ठेवले होते. आणि यांतल्या एकाही अभ्यासाने लोकांची सिगारेट सुटली की नाही, हे मोजले नव्हते. उरलेले दोन अभ्यास जपानच्या विक्रीच्या आकड्यांचे होते.

म्हणजे बघा, जी वस्तू सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी आहे असे सांगून जगभर विकली गेली, तिने सिगारेट सुटते का हे बाजारात आल्यानंतर सात वर्षांतही धड तपासले गेले नव्हते. विजापूरची तंबाखू पाहून हकिमाने विचारलेला प्रश्न हाच नव्हता का?

तपासलेली वाट

याच्या उलट उदाहरण निकोटिनच्या च्युइंगमचे आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये एका औषध कंपनीतल्या ओव्हे फर्नो या रसायनतज्ज्ञाला एका कल्पनेने पछाडले. पाणबुडीतले खलाशी सिगारेट ओढू शकत नाहीत, मग ते तोंडात तंबाखू धरून वेळ काढतात, हे त्याला कळले होते. म्हणजे माणसाला हवे असते ते निकोटिन. ते धुराशिवाय आणि तंबाखूशिवाय थोडे थोडे दिले आणि हळूहळू कमी केले तर? त्यातून निकोटिनचे च्युइंगम जन्माला आले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

औषध म्हणून आले, म्हणून त्याला औषधाची परीक्षाही द्यावी लागली. च्युइंगम, त्वचेवरची पट्टी, चघळायच्या गोळ्या या सगळ्यांवर मिळून शंभराहून अधिक चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा, की यांची मदत घेतल्याने सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. हा काही चमत्कार नाही. मदत घेऊनही अनेकांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. पण हा तपासलेला दीडपट आहे.

ई-सिगारेटबद्दलही इथे सांगायला हवे, कारण दोन्हींची गल्लत होते. ई-सिगारेटमध्ये तंबाखूचे पान नसते, निकोटिनचा द्रव असतो. तिच्यावर मात्र सोडण्याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि ती च्युइंगम-पट्टीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे कोक्रेनने २०२२ मध्ये म्हटले. तिचे दीर्घकालीन परिणाम आणि कोवळ्या मुलांना लागणारी चटक हे प्रश्न वेगळे आणि गंभीर आहेत. पण ई-सिगारेटचा पुरावा तापवलेल्या तंबाखूच्या नावावर जमा करता येत नाही.

आपल्या घरात

आपल्या देशाने यावर कायदा केला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यात ई-सिगारेटबरोबरच तापवलेल्या तंबाखूची उपकरणेही नाव घेऊन आली आहेत. त्यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणून परदेशातून सुटीवर येणाऱ्या मुलाने किंवा जावयाने प्रेमाने असे उपकरण वडीलधाऱ्यांसाठी आणू नये. हेतू चांगला असला तरी ते आणणे कायद्यात बसत नाही, आणि त्याने सिगारेट सुटेल याची हमीही कोणी दिलेली नाही.

कायद्यावर एक आक्षेप वाजवी आहे. नव्या वस्तूवर बंदी आणि जुनी सिगारेट, विडी कोपऱ्याकोपऱ्यावर, हे कसे? प्रश्न बरोबर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. विडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे ४ टक्के, आणि धूर न करता खाणारे-लावणारे तब्बल २१.४ टक्के. म्हणजे आपले खरे दुखणे मुख्यतः धुरात नाहीच.

हे आपल्या सीमाभागाला कोणी वेगळे सांगायला नको. निपाणीच्या वखारींत विडीची तंबाखू साठते आणि तिथे हजारो बायाबापड्यांनी आयुष्य काढले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळुरू महामार्ग रोखून धरला होता, ते आंदोलन पाहिलेले लोक आजही आहेत. तंबाखू हे इथे अनेकांच्या चुलीचे साधन आहे. म्हणून तंबाखूविरुद्ध बोलताना शेतकऱ्याला किंवा विडी वळणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवू नये. त्यांना दुसरे पीक, दुसरे काम मिळेपर्यंत हा प्रश्न अर्धाच सुटलेला असेल.

आणि तापवलेली तंबाखू आपल्याला खरोखर नवी आहे का? तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटून केलेली मिश्री आपल्या आज्या-पणज्या दातांना लावत आल्या. दात घासायला म्हणून सुरू होई आणि दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नसे. तिलाही धूर नव्हता. तिला कोणी व्यसन म्हणत नसे, कारण ती बायकांची आणि घरातली होती. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि वेळेआधी प्रसूतीचे प्रमाणही जास्त दिसले. धूर नाही म्हणजे इजा नाही, हा समज आपल्याच घरातल्या बाळांनी खोटा ठरवला आहे.

सोडायचीच असेल तर

ज्या रिचर्ड डॉल यांनी १९५० मध्ये पहिला इशारा दिला, त्यांनी पुढे ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षे नजर ठेवली. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले तेव्हा डॉल नव्वदी ओलांडलेले होते. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना तीन वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी दहा. हा हिशेब पूर्ण सोडणाऱ्यांचा आहे. आता या वयात सोडून काय फायदा, असे म्हणणाऱ्या आपल्या काका-आजोबांना हे आकडे आवर्जून सांगावेत.

मदत जवळ आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो. फोनसाठी पैसे पडत नाहीत. पलीकडचा माणूस रागावत नाही, तारीख ठरवून देतो आणि पुन्हा फोन करून विचारतोही. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. त्याच राष्ट्रीय पाहणीत ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. इच्छा आहे, घरच्यांनी टोमणे न मारता साथ द्यायला हवी, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी तितक्याच आपुलकीने उभे राहायला हवे.

उद्या आणखी एखादी वस्तू येईल. हुक्का, फिल्टर, ‘लाइट’, तापवलेली कांडी, यांच्यापुढची. तिचे नाव गोड असेल आणि रूप देखणे असेल. ती हातात घेण्यापूर्वी दोनच गोष्टी विचाराव्यात : हिने तंबाखू पूर्ण सुटते, हे कोणी तपासले आहे का? आणि तपासणाऱ्याला पैसे कोणी दिले? बुद्धीच्या देवतेचा उत्सव आपण दरवर्षी इतक्या भक्तीने करतो. प्रश्न विचारण्याची ती बुद्धी आणि सुटेपर्यंत प्रयत्न करण्याचे बळ आपल्या प्रत्येक घराला लाभो, हीच श्रीगणरायाच्या चरणी प्रार्थना.